ओहायो स्टेट म्हणजे ओहायो नव्हे : मराठी क्रीडा पानांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांच्या आणि संकेतस्थळांच्या क्रीडा विभागांचे संपादक

सप्रेम नमस्कार.

दर जानेवारीत तुमच्या पानावर, बहुधा उजवीकडे खाली, एक चौकट येते : अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये अमुक विद्यापीठ विजेतं. सोबत एजन्सीचं छायाचित्र आणि चार ओळी. या चार ओळींत तीन-तीन चुका आम्ही पाहिल्या आहेत : विद्यापीठ भलतंच, वर्ष पुढचं आणि खेळाचं नाव रग्बी. कोणत्या दैनिकात, ते लिहीत नाही. दुखणं सगळीकडचंच आहे. मुलगी ओहायो राज्यातल्या कोलंबसला एमएस करते म्हणून नाशकात किंवा सांगलीत सकाळी सहाला सामना लावणारी घरं आता आहेत. त्यांना दुसऱ्या दिवशीच्या अंकात काय वाचायला मिळतं, त्याबद्दल हे पत्र.

उदाहरणाला एकच हंगाम घेतो, ओहायो स्टेटचा २०२४ चा. बारा संघांची बाद फेरी त्या हंगामात पहिल्यांदा झाली, आणि दोन सामने हरलेला संघ विजेता ठरला. तो कुठे हरला आणि हरल्यावर त्याने काय बदललं, हे कळल्याशिवाय अंतिम सामन्यातला ३४–२३ हा नुसता आकडा आहे.

आधी नावं. कोलंबसमधलं विद्यापीठ ओहायो स्टेट. 'स्टेट' गाळून 'ओहायो विद्यापीठ' छापलं की ते अथेन्स नावाच्या गावातलं वेगळं विद्यापीठ होतं, आणि त्यालाही स्वतःचा फुटबॉल संघ आहे. मिशिगन आणि मिशिगन स्टेट, पेन आणि पेन स्टेट यांचीही हीच गत. मथळ्यात जागा कमी असेल तर 'विद्यापीठ' काढा, 'स्टेट' काढू नका. अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी आपल्याकडे 'नोत्र दाम' असा छापला गेला. तो उच्चार पॅरिसच्या कॅथीड्रलचा. इंडियाना राज्यातल्या या विद्यापीठाला तिथे सगळे 'नोटर डेम' म्हणतात. आणि बिग टेन या गटात २०२४ मध्ये अठरा संघ होते. ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.

वर्ष. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होऊन जानेवारीत संपतो, पण ओळखला जातो तो सुरुवातीच्या वर्षाने. ओहायो स्टेटचा पहिला सामना ३१ ऑगस्ट २०२४ ला अॅक्रनशी झाला (५२–६), शेवटचा २० जानेवारी २०२५ ला अटलांटात. विजेतेपद २०२४ चं. अंतिम सामना तिथल्या संध्याकाळी साडेसातला सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे २१ तारखेचे सकाळचे सहा वाजले होते. हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जाईपर्यंत साडेनऊ. म्हणजे सामना संपेपर्यंत त्या दिवसाचा अंक लोकांच्या दारात पडलेला असतो, आणि बातमी २२ तारखेच्या अंकाची होते. हाताशी अख्खा दिवस असतो. घाईत चूक झाली, हे कारण इथे चालणार नाही.

रग्बी म्हणू नका, कारण रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९०६ पासून तो फेकता येतो, आणि आजचा सगळा खेळ त्या पासभोवती उभा आहे. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा झाले की नवे चार मिळतात, नाही झाले तर चेंडू समोरच्यांना. म्हणून चौथ्या प्रयत्नाला संघ सहसा चेंडू लाथेने लांब उडवून देतो. यार्डांचे मीटर करायची तसदीही घेऊ नका. नियमातले दहा यार्ड मीटरमध्ये ९.१४ होतात आणि हिशेबच विस्कटतो. शिवाय यार्ड मराठी वाचकाला परका नाही. खेळपट्टी बावीस यार्डांची असते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दहा यार्ड म्हणजे त्या खेळपट्टीच्या निम्म्याहून थोडे कमी.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

तुमच्या चौकटीत नाव येतं ते क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास फेकणाऱ्याचं; फार तर टचडाउन करणाऱ्याचं, म्हणजे चेंडू टोकाच्या पट्टीत नेणाऱ्याचं. ओहायो स्टेटचा हंगाम मात्र त्या पाच जणांवर फिरला ज्यांची नावं कधीच छापून येत नाहीत. आघाडीच्या फळीत मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू सेंटरच्या हातून मागे जातो तेवढाच. बाकी चौघांचा चेंडूशी जवळजवळ संबंध नसतो. समोरून तीनशे पौंडांचा माणूस क्वार्टरबॅकवर धावून येतो, त्याला तीन-साडेतीन सेकंद थोपवायचं, हे त्यांचं काम. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, त्यामुळे डावा टॅकल सगळ्यांत मोलाचा.

१२ ऑक्टोबरला ऑरेगॉनविरुद्ध डावा टॅकल जॉश सिमन्सच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. पुढच्या सामन्यात, नेब्रास्काविरुद्ध, त्याच्या जागी राखीव खेळाडू आला. ओहायो स्टेट २१–१७ असं कसंबसं सुटलं आणि तो राखीवही जखमी झाला. मग डावा गार्ड डॉनोवन जॅक्सनला कडेला सरकवून टॅकल केलं आणि गार्डच्या जागी कार्सन हिन्झमन आला. हे जमतंय असं वाटत असतानाच, इंडियानाविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात सरावात सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनच्या टाचेची शीर तुटली. हिन्झमन पुन्हा सरकला, आता सेंटरला, आणि गार्डला ल्यूक माँटगोमेरी आला. कबड्डीत कोपऱ्यातला भिडू बाद झाला की साखळीतल्या प्रत्येकाला जागा बदलावी लागते, तसंच. फरक एवढाच, की गार्ड आणि टॅकल ही कामंच वेगळी आहेत. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपला माणूस असतो. टॅकलची एक बाजू उघडी असते आणि तिथून येणारा प्रतिस्पर्धी बहुधा त्याच्याहून चपळ असतो. मागे सरकत, पाय न गुंतवता त्याला बाहेर ढकलायचं असतं. जॅक्सन हे महिन्याभरात शिकला. आमच्या मते हंगामातली सगळ्यांत मोठी बातमी ही होती.

त्याच ऑरेगॉन सामन्याचा शेवट पाहण्यासारखा आहे. ऑरेगॉन ३२–३१ ने पुढे, दहा सेकंद बाकी. ओहायो स्टेटला फील्ड गोलच्या, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारण्याच्या, टप्प्यात यायला थोडेच यार्ड हवे होते. ऑरेगॉनने बचावाला अकराऐवजी बारा खेळाडू उभे केले. पास वाया गेला. पंचांनी नियमाप्रमाणे पाच यार्डांचा दंड दिला, पण त्या चेंडूत गेलेले चार सेकंद परत मिळाले नाहीत. घड्याळ सहावरच राहिलं. बारावा माणूस ठेवून पाच यार्ड द्यायचे आणि चार सेकंद खायचे, हा सौदा ऑरेगॉनला फायद्याचा होता. शेवटच्या चेंडूवर क्वार्टरबॅक विल हॉवर्ड स्वतः पळाला आणि घसरून खाली बसेपर्यंत वेळ संपली. चारच दिवसांत नियमाचा नवा अर्थ जाहीर झाला : शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं तर घड्याळ मागे घेता येईल. नियमातली फट शोधणाऱ्याला आपल्याकडे वकील म्हणतात. तिथे त्याला प्रशिक्षक म्हणतात.

दुसरा पराभव ३० नोव्हेंबरचा, घरच्या मैदानावर मिशिगनकडून, १३–१०. मिशिगनचा तो हंगाम साधाच होता, तरी ओहायो स्टेट त्यांच्याकडून सलग चौथ्यांदा हरलं. कारण आकड्यांत दिसतं : २६ वेळा चेंडू घेऊन पळाले आणि यार्ड मिळाले ७७. सरासरी तीनच्याही आत. तीन प्रयत्नांत नऊ यार्ड होतात आणि दहावा राहून जातो. मिशिगनच्या बचावाच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट होते. पुढच्या एप्रिलमध्ये दोघांनाही एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत घेतलं. ओहायो स्टेट पुन्हा पुन्हा त्यांच्याच अंगावर जात राहिलं, तेही नव्याने जोडलेल्या सेंटर-गार्डना घेऊन. कडेला जेरेमाया स्मिथसारखा झेल घेणारा उभा होता आणि त्याच्याकडे पुरेसं फेकलं नाही. लाथेने गोल मारणाऱ्या जेडन फील्डिंगने ३४ आणि ३८ यार्डांवरचे दोन फील्ड गोल हुकवले, ते वर. सामन्यानंतर झेंड्यावरून झालेल्या मारामारीचं छायाचित्र आपल्याकडेही छापून आलं. ७७ चा आकडा कुठे दिसला नाही.

बदल झाला तो यानंतर. आक्रमणाची आखणी चिप केली नावाचा प्रशिक्षक करत होता. बाद फेरीत त्याने क्रम उलटा केला : आधी लांबचे पास, त्यामुळे बचाव मागे सरकला की मग धाव. २१ डिसेंबरला कोलंबसच्या थंडीत टेनेसीविरुद्ध पहिल्या तिन्ही चालींत, म्हणजे चेंडू हाती आला त्या पहिल्या तिन्ही वेळा, तीन टचडाउन, २१–०, शेवटी ४२–१७. १ जानेवारीला ज्या ऑरेगॉनने एका गुणाने हरवलं होतं, त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या सत्रातच ३४–० आणि अखेर ४१–२१. स्मिथने सात झेलांत १८७ यार्ड काढले. त्या दिवशी ऑरेगॉनच्या क्वार्टरबॅकला आठ वेळा पाडलं. इथे एक बारकावा आहे, नोंदवून ठेवा : कॉलेजच्या आकडेवारीत क्वार्टरबॅक पडल्यावर गेलेले यार्ड धावेच्या खात्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये पासच्या. म्हणून ऑरेगॉनची धाव उणे २३ यार्ड अशी दिसते. उणे चिन्ह चुकीने पडलंय समजून कुणी ते काढून टाकेल, ही आमची भीती अगदीच अवाजवी नाही.

क्रमवारी आणि मानांकन यांतही गल्लत होते. ओहायो स्टेटची क्रमवारी सहावी होती, मानांकन आठवं. त्या वर्षीच्या नियमाने पहिली चार मानांकनं फक्त गटविजेत्यांना आणि त्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल. त्यामुळे क्रमवारीत नववी बॉइझी स्टेट तिसरी मानली गेली, बारावी ॲरिझोना स्टेट चौथी, आणि तिसऱ्या क्रमांकाचा टेक्सस पाचवा झाला. अपराजित ऑरेगॉनच्या वाट्याला दुसऱ्याच फेरीत ओहायो स्टेट आलं ते यामुळे. पुढे चाल मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. ऑरेगॉन ७ डिसेंबरनंतर थेट १ जानेवारीला उतरलं होतं. तीन आठवड्यांहून जास्त विश्रांती ही विश्रांती राहत नाही, असं आम्हाला वाटतं, पण चार सामन्यांवरून नियम काढू नये. मे २०२५ मध्ये पद्धत बदलली आणि मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे ठरलं. 'पुढे चाल' हा आपल्या कबड्डी-खो-खोच्या बातम्यांतला शब्द इथे नेमका बसतो, तो वापरा. टचडाउन, पास, क्वार्टरबॅक तसेच राहू द्या; 'भूस्पर्श' वगैरे काढत बसू नका.

उपांत्य सामना, १० जानेवारी, टेक्ससविरुद्ध. ओहायो स्टेट २१–१४ ने पुढे, शेवटची काही मिनिटं. टेक्ससकडे चेंडू आणि टचडाउनची रेषा एक यार्डावर. प्रयत्न चार. पहिल्यांदा मधून घुसले, काही मिळालं नाही. दुसऱ्यांदा चेंडू मागे, कडेच्या धावपटूकडे टाकला. या खेळीत धोका असा, की चेंडू आधी चार-पाच यार्ड मागे जातो आणि धावपटू वळेपर्यंत कुणी फळीतून आत शिरला तर तोटा दामदुप्पट होतो. तसंच झालं : सात यार्ड मागे. एकाचे आठ झाले. तिसरा पास वाया. चौथ्याला जॅक सॉयरने क्वार्टरबॅक क्विन यूअर्सच्या हातून चेंडू उडवला, उचलला आणि ८३ यार्ड पळाला, जवळजवळ चार खेळपट्ट्या. घड्याळात २ मिनिटं १३ सेकंद उरले होते. निकाल २८–१४. यूअर्स आधी ओहायो स्टेटमध्ये होता तेव्हा दोघे एकाच खोलीत राहायचे. असा मजकूर तुम्ही क्रिकेटमध्ये कधी सोडाल का?

अंतिम सामन्याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो. टचडाउनचे सहा गुण. नंतर लाथेने एक किंवा पुन्हा रेषा ओलांडून दोन. फील्ड गोलचे तीन. ओहायो स्टेटचे ३४ म्हणजे चार वेळा सात आणि दोन फील्ड गोल. नोटर डेमचे २३ म्हणजे सात, आठ, आठ. त्यांची पहिली चाल १८ खेळींची, पावणेदहा मिनिटं चालली, ७–०. नंतर ओहायो स्टेटचे सलग ३१. मग ३१–१५. इथे १६ गुणांचं अंतर आलं; ते दोन टचडाउनांनी भरून निघतं, दोन्ही वेळा जादाचे दोन मिळाले तर. चौथ्या सत्रात साडेनऊ मिनिटं बाकी असताना रेषा नऊ यार्डांवर होती आणि नोटर डेमने टचडाउनसाठी न जाता २७ यार्डांचा फील्ड गोल मारला. तो खांबाला लागून बाहेर गेला. लागला असता तरी अंतर तेराचं झालं असतं आणि दोन टचडाउन हवेच होते. सोप्या मिळणाऱ्या तीन गुणांचा मोह तिथे नडला. तरी ३१–२३ झालं. ओहायो स्टेट तिसऱ्या प्रयत्नाला, अकरा यार्ड हवेत, २ मिनिटं ४५ सेकंद बाकी. चेंडू घेऊन पळायचं, घड्याळ खायचं, हा सुरक्षित मार्ग. पण स्मिथसमोर एकच बचावपटू होता. हॉवर्डने फेकला, ५६ यार्ड. अडतीसवरून हुकलेल्या फील्डिंगने २६ सेकंद बाकी असताना ३३ यार्डांवरून गोल केला.

'हौशी खेळाडू' हा शब्दही आता काढून टाका. या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले, हे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं. हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आला, धावपटू क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीतून, बचावातला केलेब डाउन्स आणि सेंटर मॅक्लॉफ्लिन अलाबामातून. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षी मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. 'विद्यार्थी खेळाडू' लिहा.

कामगिरी '१४–२' अशी येते. ती गुणफलक नव्हे, चौदा विजय आणि दोन पराभव. आणि हे नववं विजेतेपद 'विद्यापीठाच्या मोजणीनुसार' म्हणा, कारण पूर्वी विजेता मतदानाने ठरायचा आणि एकेका वर्षी दोन-दोन दावेदार असायचे.

चार ओळींत हे मावत नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणून नमुना जोडतो :

'अटलांटा, ता. २० : ओहायो स्टेटने सोमवारी रात्री नोटर डेमचा ३४–२३ असा पराभव करून अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या २०२४ हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. नियमित हंगामात दोन सामने गमावलेल्या आणि बाद फेरीत आठवं मानांकन मिळालेल्या या संघाने टेनेसी, ऑरेगॉन, टेक्सस आणि नोटर डेम यांना ओळीने हरवलं. क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे २१ पैकी १७ पास पूर्ण झाले, त्यांतून २३१ यार्ड मिळाले. क्विनशॉन जडकिन्सने तीन टचडाउन केले. नोटर डेमने ३१–७ वरून अंतर आठ गुणांवर आणलं होतं. मात्र जेरेमाया स्मिथने ५६ यार्डांचा पास झेलला आणि जेडन फील्डिंगने २६ सेकंद बाकी असताना फील्ड गोल केला. डावा टॅकल आणि सेंटर दुखापतींमुळे गमावूनही आघाडीची फळी टिकली. गार्ड डॉनोवन जॅक्सन टॅकलच्या जागी खेळला. कामगिरी : १४ विजय, २ पराभव.'

शंभराच्या आसपास शब्द आहेत. छायाचित्र थोडं कापलं की चौकटीत बसतात. कापायचंच झालं तर स्मिथचं वाक्य कापा, जॅक्सनचं ठेवा.

आपले,
कॉलेज फुटबॉल बघणारे काही मराठी वाचक